जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया: निदानापासून पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याला बहुधा जांघेतला हर्नियाच झाला असावा. गोळा अंघोळीच्या वेळी हाताला लागतो, आडवे झाले की नाहीसा होतो, दुखतही फारसा नाही, आणि जागा अशी की घरात बोलायचीही चोरी. त्यामुळे पुष्कळ पुरुष महिनोन्‌महिने तो गोळा सांभाळत फिरतात. तो दाखवायला गेल्यावर मात्र तपासणी दोन मिनिटांत आटोपते. डॉक्टर उभे राहून खोकायला सांगतात, जांघेवर बोटे ठेवतात आणि बहुतेक वेळा सोनोग्राफीशिवायच निदान सांगतात.

मी या शस्त्रक्रियेतून गेलो आहे. माझ्या उजव्या जांघेत उघड्या पद्धतीने जाळी बसवली गेली आणि कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. खालील मार्गदर्शन मुख्यतः याच प्रकाराला धरून आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. माझे ठाम मत असे झाले आहे की शस्त्रक्रियेचा तासाभराचा भाग सर्जनच्या हातात असतो आणि तो सहसा नीट पार पडतो. रुग्णाचे हाल होतात ते खोकला, बद्धकोष्ठ, अडलेली लघवी आणि निष्कारण वाटणारी भीती या चार गोष्टींनी, आणि या चारींची तयारी आधी करता येते.

घाई कधी करावी आणि थांबणे कधी चालते

ओटीपोटाच्या खालच्या बाजूस, जांघेत, पोटाच्या भिंतीतून तिरका जाणारा एक मार्ग असतो. पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी याच मार्गाने जातात, म्हणून ही जागा मुळातच कच्ची असते. तिथून पोटातील अस्तर आणि त्याच्यासोबत चरबी किंवा आतड्याचे वेटोळे बाहेर येते, तो हर्निया. जुने लोक त्याला अंतर्गळ म्हणत. आयुष्यभराचा हिशेब केला तर शंभर पुरुषांपैकी सुमारे २७ जणांना आणि शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३ जणींना जांघेतला हर्निया होतो असे मानले जाते. म्हणजे लाजण्याइतका तो दुर्मीळ तर मुळीच नाही.

औषधाने, काढ्याने, मालिशने किंवा व्यायामाने हे भोक बुजत नाही. बाजारात मिळणारा पट्टा गोळा बाहेरून दाबून ठेवतो, बरा करत नाही. तो चुकीचा बसला तर बाहेर आलेले आतडेच दाबले जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी काही विशिष्ट कारणासाठी सांगितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत.

मात्र निदान झाले म्हणजे दुसऱ्याच दिवशी टेबलावर झोपले पाहिजे, असेही नाही. ज्या पुरुषांना जवळजवळ काहीच त्रास नाही त्यांनी काही काळ लक्ष ठेवून थांबले तर काय होते, याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. थांबलेल्या पुरुषांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी निघाले. परंतु त्याच गटाचा पुढे मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी, बहुतेक दुखण्यामुळे, शेवटी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसले. त्यामुळे खरा प्रश्न ‘करावी की नाही’ यापेक्षा ‘आत्ता करावी की सवडीने’ हा असतो. परीक्षा, लग्नकार्य, पेरणी किंवा सुगी आटोपून तारीख घेण्यात काही गैर नाही. स्त्रियांना मात्र ही सवलत लागू नाही. त्यांच्यात मांडीच्या वरच्या बाजूचा हर्निया अधिक प्रमाणात आढळतो आणि तो अडकण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून त्यांनी चालढकल करू नये.

थांबणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट मात्र पाठ असायला हवी. नेहमी आत जाणारा गोळा एकाएकी आत जाईनासा झाला, कडक आणि दुखरा झाला, वरची कातडी लाल झाली, त्यातच उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले आणि वायू सरणे बंद झाले, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळा दाबून आत ढकलण्याची खटपट करू नये, काही खाऊपिऊ नये आणि सकाळ होण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

पद्धत ठरवताना

आज मोठ्या माणसांच्या बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये जाळी बसवली जाते. पूर्वी कमकुवत कडा एकमेकींकडे ओढून शिवत असत. त्या शिवणीवर ताण येई आणि हर्निया उलटण्याचे प्रमाण बरेच असे. लॉस एंजेलिसचे सर्जन अर्विंग लिखटेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात कडा न ओढता वरून जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत रूढ केली आणि उघड्या शस्त्रक्रियेत आजही तीच सर्वाधिक वापरली जाते. जांघेच्या घडीच्या थोडे वर पाच ते सात सेंटिमीटरची चीर घेतात, बाहेर आलेली पिशवी आत सारतात आणि साधारण १५ बाय साडेसात सेंटिमीटरची पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळी टाक्यांनी बसवतात. पुढच्या काही आठवड्यांत जाळीच्या छिद्रांतून शरीराची स्वतःची ऊती वाढते आणि भिंत पक्की होते.

दुर्बिणीच्या पद्धतीत बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी बारीक छिद्रे पाडून भिंतीच्या आतल्या बाजूने अधिक मोठी, किमान १५ बाय १० सेंटिमीटरची जाळी पसरतात. तिच्यासाठी सहसा पूर्ण भूल लागते आणि खर्चही जास्त येतो. सुरुवातीचे दुखणे मात्र कमी असते आणि माणूस कामाला थोडा लवकर लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा आधी उघड्या शस्त्रक्रियेने बसवलेला हर्निया उलटला असेल, तर दुर्बिणीचा पर्याय साहजिकच पुढे येतो. उलटपक्षी प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया होऊन गेली असेल किंवा हृदय आणि फुप्फुसे पूर्ण भूल पेलण्याजोगी नसतील, तर उघडी पद्धत बरी. या ठळक कारणांपैकी काही नसेल तर मी सर्जनला एवढेच विचारले होते: ‘तुम्ही स्वतः कोणती शस्त्रक्रिया नेहमी करता?’ ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, ती त्याच्याकडून करून घ्यावी. जाहिरातीतल्या ‘विनाटाका, विनावेदना’ या शब्दांपेक्षा हे उत्तर जास्त मोलाचे असते.

जाळीच्या किमतीवरूनही रुग्णाच्या मनात गोंधळ असतो. या बाबतीत धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचे काम मराठी वाचकाला माहीत असायला हवे. महागडी जाळी न परवडणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि अनेक केंद्रांतले त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडले. पुढे युगांडामध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात अशा स्वस्त जाळीचे निकाल शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने व्यापारी जाळीच्या तोडीचे आढळले. याचा अर्थ रुग्णालयात जाऊन मच्छरदाणीची मागणी करावी असा नव्हे. परंतु ‘परदेशी जाळी घेतली तरच टिकेल’ असे कुणी म्हणाले, तर दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. जाळीच नको असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी शरीरातल्याच पडद्याची पट्टी वापरून भिंत बळकट करण्याची पद्धत मांडली, जी २००१ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. ती नियमितपणे करणारे सर्जन जवळपास आहेत का, हे मात्र पाहावे लागते.

तारखेच्या आधीचे आठवडे

हा काळ लोक तपासण्यांच्या धावपळीत घालवतात. वास्तविक तपासण्या सोप्या असतात: रक्ताची सर्वसाधारण तपासणी, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, वय किंवा हृदयविकार असेल तर टू-डी इको, आणि मग फिजिशियनचे ‘फिटनेस’ व भूलतज्ज्ञांची भेट. खरे काम दुसरीकडेच असते. नव्याने शिवलेल्या जागेवर जोर पडेल अशी जी जी सवय किंवा व्याधी आहे, ती आधी मार्गी लावायची असते.

जुनाट खोकला असेल तर तो आधी आटोक्यात आणावा. थंडीच्या तोंडावर सर्दी-पडसे झाले तर सर्जनला कळवून तारीख पुढे ढकलण्यात कमीपणा मानू नये, कारण शस्त्रक्रियेनंतरची एकेक ढास काय असते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद करावी. त्याने खोकलाही कमी होतो आणि जखमही लवकर भरते. शौचाला कुंथावे लागत असेल तर इसबगोल, पाणी, पालेभाज्या आणि पपई यांचा नेम आधीपासून धरावा. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांनी पोट आणखी जड होते आणि तेव्हा एकाएकी उपाय सुरू केला तर तो लागू पडायला वेळ लागतो.

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी लघवीविषयी स्पष्ट बोलावे. धार बारीक झाली आहे, रात्री तीन-तीनदा उठावे लागते, सुरुवातीला जोर करावा लागतो, हे हर्नियाच्या सर्जनला सांगण्यासारखे नाही असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रोस्टेट वाढलेली असेल तर शस्त्रक्रियेच्या रात्री लघवी अडण्याची शक्यता बरीच वाढते, आणि आधी काही दिवस गोळ्या सुरू केल्या तर लघवीसाठी नळी घालण्याची वेळ काही वेळा टळू शकते.

नेहमीच्या औषधांची यादी कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना दाखवावी. तोंडी सांगताना हमखास एखादे राहते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. कोणती, किती दिवस आधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या सर्वसाधारणपणे तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो. या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात, म्हणून त्यांचा उल्लेख आवर्जून करावा. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कोणती त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हेही विचारून लिहून घ्यावे. आयुर्वेदिक चूर्णे आणि काढेही ‘औषध’ या सदरात मोडतात, हे इथे लक्षात ठेवावे.

विम्याचे काम तारीख नक्की होण्यापूर्वीच करावे. बहुतेक पॉलिसींमध्ये हर्नियासाठी सुरुवातीच्या साधारण २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. पॉलिसी नवी असेल तर ती अट डोळ्यांखालून घालावी. कॅशलेससाठीची पूर्वमंजुरी रुग्णालयाच्या विमा कक्षातून दोन-तीन दिवस आधी पाठवलेली बरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचे असेल तर योजनेत समाविष्ट रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार दाखवून, आपली शस्त्रक्रिया तिथे योजनेखाली होते का हे आधी विचारावे.

घरातली तयारी थोडकीच, पण फार उपयोगी पडते. भारतीय पद्धतीचे शौचकूप असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने किंवा विकत आणून ठेवावी. पहिले काही दिवस उकिडवे बसता येत नाही. जमिनीवरची गादी टाळून पलंगावर झोपण्याची सोय करावी. अंघोळीच्या बादलीशेजारी प्लास्टिकचे उंच स्टूल ठेवावे. सैल पायजमा किंवा लुंगी, आणि अंडकोशाला आधार देणारा सपोर्टर किंवा घट्टशी चड्डी काढून ठेवावी. आठवड्याभराचे सामान आधीच भरावे आणि गॅस सिलिंडर बदलायची पाळी त्या दिवसांत येणार असेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवावे.

शस्त्रक्रियेचा दिवस

जेवणानंतर साधारण सहा ते आठ तास पोट रिकामे हवे आणि साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. तरीही आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ हीच प्रमाण. आपल्याकडे घोळ होतो तो चहाचा. ‘नुसता कपभर चहाच तर घेतला’ हे वाक्य भूलतज्ज्ञांना नवे नाही. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. त्यामुळे तो पहाटे घेतला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. जांघेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण कातडीला पडलेल्या बारीक चिरांतून जंतुसंसर्ग होतो. लागलेच तर रुग्णालयात यंत्राने केस छाटतात. साबणाने स्वच्छ अंघोळ करावी, अंगठी, साखळी आणि कवळी घरी ठेवावी.

संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीतले मागावे, किंवा वाचून समजावून घ्यावे. त्यात बाजू, पद्धत, भूल आणि जाळीचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. शाईची खूण शस्त्रक्रियेच्या बाजूवर शुद्धीत असतानाच करून घ्यावी. प्रत्येक जण येऊन ‘उजवी की डावी?’ असे विचारतो तेव्हा कंटाळा येतो, पण तो प्रश्न विचारला जातो हे चांगल्या रुग्णालयाचे लक्षण आहे.

कमरेतल्या इंजेक्शनची भीती बहुतेकांना शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वाटते. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवतात, उशी कवटाळायला देतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ चिडलेल्या मांजरासारखी बाहेर काढायला सांगतात. जंतुनाशकाचा गार बोळा पाठीवरून फिरतो, आधी कातडी बधिर करणारी बारीक सुई टोचते, मग मणक्यांच्या फटीत नुसता दाब जाणवतो. त्या क्षणी हलायचे नाही, एवढेच आपले काम. मिनिटाभरात पावले गरम होतात, मुंग्या येतात आणि मग पाय उचला म्हटले तरी उचलले जात नाहीत. चीर घेण्याआधी भूलतज्ज्ञ गार स्पर्श किंवा चिमटा देऊन खात्री करून घेतात. शस्त्रक्रिया चालू असताना ओढल्यासारखे, दाबल्यासारखे जाणवते, दुखत मात्र नाही. दुखले तर निःसंकोच सांगावे. ऐकू सगळे येते. डोक्यावरच्या पडद्यापलीकडे सर्जन आणि सिस्टर यांच्यात टाक्याच्या दोऱ्याच्या नंबरावरून चाललेली बोलणी मी ऐकत होतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी गुंगीचे औषध मागून घ्यावे. या इंजेक्शनाने कंबर जन्मभर दुखते हा समज घट्ट रुजलेला आहे. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, एवढे मात्र खरे.

पहिली रात्र

दोन ते चार तासांनी पायांत जीव येऊ लागतो आणि त्याच सुमारास जखमेची कळ डोके वर काढते. कळ पूर्ण येईपर्यंत धीर धरण्यात शौर्य नाही. बधिरपणा उतरू लागताच सिस्टरना सांगून वेदनाशामक घेतले तर ते पुरते. उशिरा घेतले तर दुखण्याच्या मागे धावावे लागते.

या रात्रीचा खरा टप्पा म्हणजे पहिली लघवी. सलाइनचे पाणी मूत्राशयात साचत असते आणि इंजेक्शनामुळे ते भरल्याची जाणीव मात्र होत नाही. झोपून भांड्यात करायला अनेकांना जमतच नाही. अशा वेळी पायांत ताकद आल्याची खात्री झाल्यावर सिस्टर किंवा वॉर्डातल्या मामांच्या आधाराने उभे राहून पाहावे. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकणे हा जुना उपायही करून पाहण्यासारखा आहे. जोर मात्र करू नये. सहा ते आठ तासांत झालीच नाही आणि ओटीपोट ताणले गेले तर नळीने मूत्राशय रिकामे करतात. त्याने लगेच सुटल्यासारखे वाटते, तेव्हा नळीला उगाच विरोध करू नये.

उठण्याची रीत शस्त्रक्रियेआधीच घरी दोन-चारदा करून पाहावी, कारण ती पुढचे दोन आठवडे लागते. उताणे असताना सरळ उठून बसायचे नाही, कारण त्यात पोटाचे सगळे स्नायू आवळले जातात. गुडघे दुमडावेत, कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी हाताने गादी रेटून धड वर आणावे. मिनिटभर बसून राहावे, चक्कर नाही ना हे पाहावे, मगच उभे राहावे. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच तळहाताने किंवा लहान उशीने जखम दाबून धरावी. त्याने टाके तुटण्याची भीती जाते आणि कळही निम्म्यावर येते.

बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर तीव्र डोकेदुखी, आणि आडवे होताच ती थांबणे, हे कमरेतल्या इंजेक्शनामुळे होऊ शकते. आताच्या बारीक सुयांमुळे हा त्रास कमी झाला आहे. झालाच तर भूलतज्ज्ञांना कळवावे.

पहिला आठवडा

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिले तीन दिवस वेदनाशामके दुखेल तेव्हा न घेता लिहून दिलेल्या वेळी घ्यावीत, मग हळूहळू कमी करावीत. एक पथ्य पाळावे: पॅरासिटामॉल असलेली दोन वेगवेगळ्या नावांची औषधे एकत्र घेऊ नयेत. घरातल्या डब्यातली सर्दीची गोळीही पाकीट वाचूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा, दम्याचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांविषयी आधी विचारावे. ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, म्हणून त्यांच्याबरोबर रेचक लिहून दिले आहे ना, हे पाहावे.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बहुतेक पुरुष घाबरतात. जखम वर असते आणि अंडकोश व लिंग मात्र सुजून जांभळे-काळे पडते. कुणी कल्पना दिली नसेल तर तो रंग पाहून पोटात गोळा येतो. आत झिरपलेले थोडे रक्त उताराने खाली उतरलेले असते, एवढेच. आडवे असताना अंडकोशाखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा, चालताना सपोर्टर घालावा, आणि रंग पुढच्या दोन आठवड्यांत हिरवट, पिवळसर होत जातो. सूज मात्र झपाट्याने वाढत असेल, घट्ट होत असेल, किंवा वृषणच तीव्र दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. तो हृदयाचा झटका समजून घरची मंडळी धास्तावतात, पण छातीत कळ, घाम किंवा धाप यांपैकी काही असेल तर मात्र तो वायूच असेल असे गृहीत धरू नये.

पहिले शौच दोन-तीन दिवसांनी होते आणि त्याची धास्ती मोठी असते. भरपूर पाणी, इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले लॅक्टुलोजसारखे रेचक, थोडे चालणे आणि वेळ द्यायची तयारी एवढे पुरेसे असते. कमोडवर पायांखाली लहान पाट घेतला तर कुंथावे लागत नाही. तिसरा दिवस उलटूनही काही हालचाल नसेल तर चौथ्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

आहाराबाबत घरोघरी सल्ले मिळतात. आंबट खाल्ले की जखमेत पू होतो, वांगे चालत नाही, तुपाने टाके ओले राहतात, असे सांगितले जाते. यांपैकी कशालाही आधार नाही. ताक, लिंबू, वरण, उसळ, अंडी, मासे, जे पचते ते खावे. प्रथिने जखम भरायला लागतात, आणि आजारी माणूस म्हणून आठवडाभर नुसत्या साबुदाण्याच्या खिरीवर ठेवले तर बद्धकोष्ठ वाढते. ज्याने गॅस होतो ते तेवढे काही दिवस टाळावे.

जलरोधक पट्टी असेल तर एक-दोन दिवसांनी सर्जनच्या परवानगीने बसून अंघोळ करता येते. जखम घासू नये, नंतर टिपून कोरडी करावी, तिच्यावर हळद, पावडर, तेल काहीही लावू नये. न विरघळणारे टाके किंवा स्टेपल साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून. घरातल्या घरात, मग इमारतीखाली, दर वेळी थोडे आणि दिवसातून अनेकदा. जिना चढण्यास बंदी नसते, फक्त कठडा धरून सावकाश चढावे. अंथरुणात पडून राहण्याने जखम लवकर भरत नाही, उलट पायात रक्त गोठण्याचा धोका वाढतो. भेटायला येणाऱ्यांसाठी ताटकळत बसणे हे मात्र खरोखर थकवते. त्यांना फोनवर भेटावे.

दुसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

बसून करायचे काम असेल तर बहुतेक जण एक ते दोन आठवड्यांत रुजू होतात. प्रवास लोकलच्या गर्दीचा असेल तर काही दिवस उशिराची गाडी पकडण्याची मुभा मागून घ्यावी. चारचाकी चालवण्याची कसोटी सोपी आहे: बंद गाडीत बसून एकदम जोरात ब्रेक दाबून पाहावा, जांघेत कळ आली तर अजून वेळ आहे. दुचाकीच्या बाबतीत आपल्या रस्त्यांचा विचार करावा लागतो. खड्ड्यातला दणका एक वेळ सोसता येतो, पण किक मारणे आणि गाडी डबल स्टँडवर चढवणे यांत जांघेवर एकदम मोठा जोर येतो. ही दोन्ही कामे जड वजन उचलण्यातच धरावीत.

वजन किती दिवस उचलायचे नाही, याबद्दल सल्ल्यांत फरक आढळतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा कल, दुखत नसेल तर नेहमीच्या हालचाली लवकर सुरू कराव्यात, याकडे आहे. बरेच सर्जन मात्र जड कामांना चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. मला दुसरा सल्ला आपल्या घरांसाठी अधिक व्यवहार्य वाटतो, कारण आपल्याकडची ओझी मोठी असतात. भरलेली अंघोळीची बादली पंधरा ते वीस किलोची होते आणि भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो, ज्यात गॅस फक्त १४.२ किलो असतो. दळणाचा डबा, पाण्याची कळशी, झोपलेला नातू, हे सगळे ‘जड’ या शब्दात येते. भाजीची पिशवी दोन्ही हातांत वाटून घ्यावी. शेतात, गोदामात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांनी किती आठवड्यांची रजा लागेल ते सर्जनकडून प्रमाणपत्रावर लिहूनच घ्यावे, नाहीतर मुकादमाला समजावत बसावे लागते. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम आणि जिम शेवटी सुरू करावे, चालणे आधी वाढवावे. लैंगिक संबंधांबद्दल विचारायला संकोच वाटतो, पण उत्तर साधे आहे: दुखत नसेल तर सहसा एक-दोन आठवड्यांनी हरकत नसते.

या काळात तीन गोष्टी हाताला लागतात आणि तिन्हींनी शंका येते. जखमेखाली बोटभर जाडीची कडक वळी लागते. ती भरून येणारी ऊती असते आणि दोन-तीन महिन्यांत मऊ होते. जखमेच्या खाली आणि मांडीच्या आतल्या बाजूस एक पट्टा बधिर वाटतो. कातडीच्या बारीक मज्जातंतूंवर परिणाम झाल्याने ते होते, पुष्कळदा हळूहळू कमी होते, काहींत कायम राहते. तिसरी गोष्ट म्हणजे जुन्याच जागी पुन्हा फुगवटा, विशेषतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर. हर्निया परत आला असे वाटून झोप उडते, पण बहुधा रिकाम्या झालेल्या जागेत साचलेले पाणी असते आणि ते काही आठवड्यांत जिरते. ते सुईने काढायचा आग्रह धरू नये, त्यातून जंतू आत जाऊ शकतात. खोकल्यावर फुगवटा वाढत नसेल आणि आडवे होऊन आत जात नसेल तर तो पाण्याचा असण्याची शक्यता अधिक, तरीही निदान सर्जनच्या बोटांनी होऊ द्यावे.

तीन महिन्यांनंतरही रोजच्या कामात आड येणारे दुखणे टिकले तर ते ‘वयानुसार’ म्हणून सोडून देऊ नये. शंभरातल्या सुमारे दहा-बारा जणांना असे दुखणे कमी-अधिक प्रमाणात होते. त्याला मज्जातंतूंवरची औषधे, जागेवर दिलेली इंजेक्शने आणि क्वचित दुसरी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत, आणि मोठ्या शहरांत वेदना उपचार केंद्रेही आहेत.

फोन कधी करावा, कागद कोणते जपावेत

रुग्णालयाचा रात्री लागणारा क्रमांक घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा. ताप आणि हुडहुडी, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, वाढत जाणारी लाली, पट्टी भिजवणारे रक्त, थांबत नसलेल्या उलट्या आणि फुगलेले पोट, लघवी बंद होणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर फोनवर बोलत न बसता १०८ ला रुग्णवाहिका बोलवावी.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत आणि जाळीच्या वेष्टनावरचा कंपनी, आकार व बॅच क्रमांक असलेला स्टिकर मागून घ्यावा. अनेक ठिकाणी तो रुग्णालयाच्या फाइललाच चिकटवतात आणि रुग्णाच्या हाती येत नाही. पुढे कधी प्रोस्टेटची किंवा पोटाची दुसरी शस्त्रक्रिया ठरली तर आत कोणत्या थरात कोणती जाळी आहे, हे त्या सर्जनला पहिल्याच भेटीत सांगता आले पाहिजे. मूळ कागद विम्याच्या दाव्यासाठी द्यावे लागतात, तेव्हा ते देण्यापूर्वी सगळ्यांची छायाप्रत काढून ठेवावी.